आधी खांब बघा, रंग मागाहून: आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

चेअरमन बाब, सेक्रेटरी बाय, खजिनदार बाब, कमिटीचे बाकीचे मेंबर, आणि ज्यांचे फ्लॅट इथे आहेत पण स्वतः दिल्ली-मुंबई-बेंगळुरूत बसून ग्रुपवर नुसता अंगठा पाठवतात ते सगळे मालक,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरच्या जनरल बॉडीत जो ठराव झाला त्याबद्दल लिहितेय. तीन कोटेशनं आली होती, ९ लाख, २६ लाख आणि ४१ लाख, आणि अर्ध्या तासात ९ लाखवालं पास झालं. सुटलेलं प्लास्टर काढून नवं मारायचं, तडे बुजवायचे, पुट्टी, बाहेरून दोन हात रंग, गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा एक कोट, आणि डिसेंबरचा सीझन सुरू व्हायच्या आत सगळं आटपायचं कारण ज्यांचे फ्लॅट भाड्याने जातात त्यांना फोटोत बिल्डिंग फ्रेश दिसायला हवीय. मी स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे इंजिनीयरकडून बिल्डिंगची मजबुती तपासून घ्यायचं, नाव काढलं तर "त्यात पैसे घालवण्यापेक्षा तेच रंगात घालूया" असं उत्तर आलं, मागून कोणीतरी "कांय जावचें ना गो" म्हणालं, म्हणजे काही व्हायचं नाही गं, सगळे हसले आणि विषय संपला. मिनिट्स आले तेव्हा बघितलं, तर ऑडिटचा विषय निघाला होता याचा त्यात पत्ताच नाही.

हे ग्रुपवर न लिहिता असं उघड का लिहितेय ते आधी सांगते. एक म्हणजे ग्रुपवर लिहिलं की दुपारपर्यंत ते गुड मॉर्निंग आणि पाण्याचा टँकर कधी येणार यांच्या खाली गाडलं जातं. दुसरं म्हणजे हा फक्त आपला प्रश्न नाही. ताळगाव, म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को, कुठेही जा, ऐंशी-नव्वदच्या दशकात उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली बिल्डिंगा आज याच वयात आल्यात आणि त्यांच्या कमिट्यांतही हाच वाद चाललाय, शब्द सुद्धा हेच. म्हणून सोसायटीचं नाव घालत नाही, कॉन्ट्रॅक्टरचंही नाही. त्याला जेवढं विचारलं तेवढ्याचा त्याने रेट दिला, त्याची काही चूक नाही.

मी कोण हे तुम्हाला माहितीय, बाहेरच्यांसाठी सांगते. मी कन्स्ट्रक्शन लाइनमध्ये एस्टिमेटरचं काम करते, ड्रॉइंगवरून क्वांटिटी काढायची, रेट लावायचे, टेंडर भरायचं. मी स्ट्रक्चरल इंजिनीयर नाही, त्यामुळे ही बिल्डिंग धोक्यात आहे की नाही हे मी सांगणार नाही, तो अधिकार माझा नाही, आणि तो कमिटीचाही नाही, सगळं भांडण तेवढ्यावरच आहे. पण कोटेशन वाचता येतं. कोणत्या ओळीत काय लपलंय आणि कोणती ओळ मुद्दाम घातलीच नाहीय ते मला कळतं. आणि आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, बरोबर स्टिल्ट पार्किंगच्या, म्हणजे नुसत्या खांबांवरच्या मोकळ्या पार्किंगच्या, डोक्यावर. सासऱ्यांनी निवृत्तीचे सगळे पैसे घालून तो घेतला होता. सासूबाईंना आता जिना उतरायला दहा मिनिटं लागतात, काही झालं तर त्या धावून खाली येणार नाहीत.

आता खाली पार्किंगमध्ये काय आहे ते ज्यांनी कित्येक वर्षांत मान वर करून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी. मीटर बॉक्सच्या बाजूच्या कॉलमला, म्हणजे खांबाला, कोपऱ्यातून उभा तडा आहे, हाताभर लांब, आणि त्यातून तांबडं पाणी ओघळल्याचे डाग. त्याच्या पलीकडच्या बीमचं, म्हणजे आडव्या तुळईचं, खालचं काँक्रीट सुटून दोन सळ्या उघड्या पडल्यात. स्लॅबला खालून पोपडे. गेल्या पावसात एक तुकडा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीच्या बॉनेटवर पडला, तेव्हा सगळ्यांनी मिळून काय ठरवलं, तर गाडी दुसरीकडे लावा.

हा तडा सळईच्याच रेषेत का जातो ते समजलं की बाकीचं आपोआप समजतं. काँक्रीट नवं असतं तेव्हा चांगलंच अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, असतं, पीएच साडेबाराच्या आसपास किंवा वर, आणि त्यामुळे आतल्या सळईवर एक अगदी पातळ संरक्षक थर बसतो, तो आहे तोवर सळई गंजत नाही. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत राहतो आणि पीएच ९ च्याही खाली आणतो, थर जातो. दुसरा शत्रू मीठ. क्लोराइड आत पोचलं की पीएच चांगला असला तरी ते तो थर जागोजाग फोडतं. आपल्याकडे दोन्ही आहेत, समोर मांडवीचं खारं पाणी, खारा वारा, आणि वरून वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस. शिवाय त्या काळात कोणाच्या साइटवर वाळू भरतीच्या पट्ट्यातून उपसलेली आली आणि ती गोड्या पाण्याने धुतली की नाही हे आज कोण सांगणार? गंज हा मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो. त्याला आत जागा नसते, म्हणून तो बाहेर ढकलतो आणि काँक्रीट फुटतं. तेव्हा तडा दिसतोय याचा अर्थ आतलं काम बरंच पुढे गेलंय. त्यात पुट्टी भरली की तडा दिसायचा थांबतो, गंज थांबत नाही.

आणि अजून एक गोष्ट जी आपल्याच बिल्डिंगीत मागच्या खेपेला घडलीय. मागे बीमला जिथे जिथे मसाला मारला होता ना, तो मसाला आजही शाबूत आहे, त्याच्या कडेला नवीन पोपडे आलेत. मिठाने भरलेल्या जुन्या काँक्रीटमध्ये मधेच नवा तुकडा बसवला की त्या तुकड्यातली सळई वाचते पण त्याच्या कडेची आधीपेक्षा जोरात गंजायला लागते, इंजिनीयर लोक याला रिंग ॲनोड इफेक्ट म्हणतात. म्हणजे मीठ किती आत गेलंय ते न तपासता ठिगळं लावणं हे काही न करण्यापेक्षा बरं असेलच असंही नाही.

मीटिंगमध्ये एक मुद्दा आला होता त्याला टाळ्या पडल्या, म्हणून त्याचं उत्तर देते. "पोर्तुगिजांच्या वेळचा पूल अजून उभाय, त्यावरून बसी जातात, आणि आपली कालची बिल्डिंग काय पडणार?" रायबंदरचे आपण, पणजीला जाताना त्याच लिन्यारिसच्या पुलावरून जातो, १६३३-३४ सालचा तो, तीन किलोमीटरच्या वर लांब, मलाही त्याचा अभिमान आहे. पण तो दगडी आहे, कमानींचा. त्यात सळई नाही. गंजायला आत काही नाहीच तर गंजणार काय? आपली बिल्डिंग आरसीसीची, म्हणजे आत सळई घातलेल्या काँक्रीटची आहे आणि आरसीसीत ओढीचा ताण घेणारा भाग लोखंड आहे, ते गेलं की उरलेल्या काँक्रीटवर भरवसा ठेवता येत नाही. तुलना करायचीच तर त्याच नदीवरच्या दुसऱ्या पुलाशी करा. मांडवीवरचा नेहरू पूल, ५ जुलै १९८६ ला कोसळला. त्याला वीस वर्षं सुद्धा झाली नव्हती, आणि केबल्स गंजल्या हेच कारण पुढे आलं होतं. नवा पूल १९९२ मध्ये सुरू झाला, मधल्या काळातल्या फेरीबोटींच्या रांगा ज्यांनी बघितल्यात त्यांना मी काय वेगळं सांगू. झुआरीचा १९८३ चा पूल तर पडला नाही पण त्याच्यावर जड वाहनांना बंदी घालून कितीतरी वर्षं काढली, शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये नव्या पुलाची एक बाजू खुली झाली तेव्हा जीव भांड्यात पडला.

आणि नुसता पैसा ओतला की काम पक्कं होतं असंही मी म्हणत नाहीय, हे खजिनदार बाबांसाठी, कारण ते मला उधळी समजतात. १७ जुलै २०२३ च्या रात्री पणजीच्या कला अकादमीच्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं ते नूतनीकरणाचं कोट्यवधींचं काम चालू असतानाच. रात्रीची वेळ म्हणून कोणाला काही झालं नाही. तिथे निधी नव्हता असं कोण म्हणेल?

आता कोटेशनांकडे येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

९ लाखवालं कोटेशन लमसम आहे, म्हणजे सगळ्या कामाचा मिळून एकच आकडा. प्लास्टर किती चौरस मीटर ते लिहिलेलं नाही, "आवश्यकतेनुसार" असा शब्द आहे. सळई साफ करायची का, कुठवर काँक्रीट फोडायचं, सळई किती झिजली असेल तर बदलायची, टेकू द्यायचे का, यातलं एक अक्षर नाही. साधा सिमेंट-वाळूचा मसाला आहे. वॉरंटी ३ वर्षं, ती पण रंगाची, रंग बनवणाऱ्या कंपनीच्या अटींवर. म्हणजे कॉन्ट्रॅक्टर स्वतःच सांगतोय की तीन वर्षांपुढचं माझ्याकडे बोलू नका. अशी कामं चार-पाच वर्षांनी परत काढावी लागतात, पंधरा वर्षांत तीनदा, तीनदाचे आजच्याच भावाने २७ लाख, भाव वाढणार ते वेगळंच, आणि पंधरा वर्षांनी सळई आजच्यापेक्षा बारीक. तेव्हा स्वस्त कोटेशन कुठलं हे खजिनदार बाबांनीच मला सांगावं.

२६ लाखवाल्यात आयटम रेट आहेत, म्हणजे प्रत्येक कामाचा वेगळा दर. खराब काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडणे, सळई घासून झिंक प्रायमर, झिजलेल्या जागी नवी सळई किलोच्या भावाने, बीमला पॉलिमर मॉर्टर, तीन कॉलमना मायक्रोकाँक्रीटचं जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून बारीक खडीच्या काँक्रीटचं नवं आवरण, टेकूंचा वेगळा आयटम, गच्चीचं वॉटरप्रूफिंग उताराच्या दुरुस्तीसकट, आणि मग रंग. हे कोटेशन बनवणारा माणूस खाली वाकून, वर चढून बघून गेलाय हे कळतं. पण क्वांटिटी त्याचाही अंदाजच आहे, कारण टेस्ट कोणी केलेल्या नाहीत. २६ चे १८ होतील किंवा ३२ होतील.

४१ लाखवालं मला पटत नाही, ते उघड सांगते. सगळ्या कॉलमना, चांगल्या-वाईट, कार्बन फायबरचे पट्टे गुंडाळायचे म्हणतोय. ते तंत्र चांगलं आहे पण आत गंज तसाच ठेवून वरून गुंडाळण्यात काय अर्थ, आणि ज्या कॉलमला काही झालेलं नाही त्याला का? शिवाय त्यात गेट, टेक्स्चर पेंट आणि नावाची पितळी पाटी सुद्धा आहे. एवढी खात्री विकत घ्यायची आपली ऐपत नाही आणि गरजही नसेल. पैसा आणि भरवसा यांचा मेळ घालायचा म्हणजे मधला आकडा डोळे मिटून निवडायचा असं नव्हे. जे गेलं तर सगळं खाली येईल तिथे कंजूषी करायची नाही, जे गेलं तर नुसतं वाईट दिसेल तिथे खुशाल करायची. कॉलम पहिला. मग कॉलमवरचे बीम. मग गच्ची आणि संडास-बाथरूमची गळती, कारण पाणी थांबलं नाही तर वरचं सगळं परत. मग बाल्कनी आणि छज्जे, ते कोणाच्या तरी डोक्यात पडू नयेत म्हणून, मला विचाराल तर निदान सैल झालेले तुकडे आत्ताच पाडून टाका. रंग शेवटी. रंगाला मी नावं ठेवत नाही हां, चांगला बाहेरचा रंग पाणी अडवतो, तोही कामाचाच आहे, पण आज आपण जे करतोय ते दाढ किडलेली असताना लिपस्टिकची शेड निवडण्यासारखं आहे.

मुळात त्या काळच्या बांधकामाला आपण आजच्या नियमांनी मोजतोय का, असंही एक जण म्हणाले. बरोबर प्रश्न आहे. आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या कोडची २००० सालची आवृत्ती किनारपट्टीला 'सिव्हियर', म्हणजे कडक परिस्थिती, धरते, आरसीसीला निदान एम ३० ग्रेड (एमपुढचा आकडा मोठा तेवढं काँक्रीट मजबूत), ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, आणि वॉटर-सिमेंट रेशो, म्हणजे सिमेंटच्या मानाने पाणी, ०.४५ च्या वर नाही. आपली बिल्डिंग नव्वदच्या सुरुवातीची, तेव्हा १९७८ ची आवृत्ती चालू होती, एम १५ चालायचं, साध्या परिस्थितीत स्लॅबला १५ मिलिमीटर कव्हर चालायचं. खाऱ्या हवेत कव्हर वाढवा असं तेव्हाही लिहिलेलं होतं, साइटवर कोणी वाढवलं ते देव जाणे. म्हणजे बिल्डरने लबाडी केली असं गृहीत धरायची सुद्धा गरज नाही, अगदी नियमाने बांधलेली बिल्डिंगही आज तपासणीच्या वयात आलीय. इथे कोणाला दोष देण्यात मला रस नाही.

एक परदेशातली गोष्ट सांगते कारण ती आपल्यासारख्याच सोसायटीची आहे. अमेरिकेत मायामीजवळ सर्फसाइड म्हणून गाव आहे, तिथे समुद्रकाठी १९८१ मध्ये बांधलेली बारा मजली चॅम्पलेन टॉवर्स साउथ. २०१८ मध्ये त्यांच्या इंजिनीयरने लिहून दिलं होतं की स्विमिंग पूलच्या डेकखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय आणि काँक्रीटचं मोठं नुकसान झालंय, खर्च ९० लाख डॉलरच्या वर. मग मालकांचे वाद, कमिटीतले राजीनामे, कोण किती भरणार. २०२१ पर्यंत आकडा दीड कोटी डॉलरवर गेला. २४ जून २०२१ च्या रात्री बिल्डिंगचा मोठा भाग कोसळला, ९८ माणसं गेली. निव्वळ गंजामुळे पडली असं मी म्हणत नाही, मूळ डिझाइनमध्येच खोट होती असं चौकशीत पुढे आलंय. पण कागद हातात असताना तीन वर्षं वाद घालत बसले हे खरंच ना? आपल्याकडे तर कागद सुद्धा नाही.

दुरुस्तीच्या धंद्यात डी सिटर नावाच्या इंजिनीयरचा १९८४ पासूनचा एक ढोबळ हिशोब सांगतात, की डिझाइन आणि बांधकाम करताना जिथे १ रुपया घालून काम भागलं असतं तिथे गंज सुरू व्हायच्या आधीच्या देखभालीला ५ लागतात, गंज सुरू झाल्यावर २५ आणि पार गेल्यावर १२५. आकडे जसेच्या तसे कोणत्याही बिल्डिंगला लागू होत नाहीत, पण रोख बरोबर आहे, मी दुरुस्तीची एस्टिमेटं बनवते, मला रोज दिसतं. आपला १ आणि ५ केव्हाच हुकलाय. आपण २५ च्या घरात आहोत.

आता माझ्या तक्रारी, एकेक.

पहिली, ठराव माहिती न देता झाला. मीटिंगमध्ये तिन्ही कोटेशनं कोणालाही पूर्ण वाचायला दिली नाहीत, फक्त खालचा आकडा वाचून दाखवला. आकड्यांवर मत घेतलं तर लोक सगळ्यात लहानाला हात वर करणार, मी पण केला असता.

दुसरी, ऑडिटला नाही म्हणायचं कारण काय ते अजून कोणी सांगितलेलं नाही. मी दोन ठिकाणी विचारलं, आपल्यासारख्या २४ फ्लॅटच्या बिल्डिंगला टेस्टसकट दीड लाखाच्या आसपास. शेजारच्या महाराष्ट्रात हाउसिंग सोसायट्यांच्या मॉडेल बायलॉजमध्येच, म्हणजे नमुना नियमावलीतच आहे, १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्याचं तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट. हवा तिकडचीही खारी आणि इकडचीही.

तिसरी, फंड. महिन्याचे ८०० रुपये किती वर्षं तेच आहेत ते आठवून बघा. दुधाचा भाव किती होता तेव्हा? आणि जे साठलंय ते एफडीत टाकून "त्याला हात लावायचा नाही" असा नियम कोणी केला? तो पैसा याच कामासाठी आहे, कमिटीच्या अहवालात मोठा आकडा दाखवायला नव्हे.

चौथी, रोजची देखभाल शून्य. गच्चीच्या पाण्याच्या तोंडांत पानं आणि कावळ्यांनी आणलेली हाडं अडकलेली असतात, जूनमध्ये गच्चीवर तळं होतं, मग सगळे म्हणतात स्लॅब गळतो. एसीचं पाणी थेट बीमवर. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी बाल्कनी आत घेऊन भिंत बांधली, गच्चीवर कोणीतरी न विचारता आणखी दोन टाक्या चढवल्या, त्यात पाणी भरलं की वजन किती होतं हे कोणी मोजलं? हे सगळं थांबवायला लाखो रुपये लागत नाहीत, मे महिन्यात एक माणूस दोन दिवस लावला की गच्ची साफ. गच्चीवर परवानगी काढून पत्र्याचं छप्पर घातलं तर तेही गोव्यात वॉटरप्रूफिंगपेक्षा जास्त टिकतं असा माझा तरी अनुभव आहे, पण तो निर्णय इंजिनीयरने वजन-वाऱ्याचं बघून द्यावा.

पाचवी छोटी आहे. भाडेकरूंना कोणी काहीच सांगत नाही. त्यांची पोरं त्याच कॉलमच्या बाजूला क्रिकेट खेळतात.

मला काय हवंय ते सरळ लिहिते.

९ लाखांची वर्क ऑर्डर देऊ नका. दिली असेल तर आगाऊ रक्कम सोडून पुढचे पैसे थांबवा आणि कॉन्ट्रॅक्टरशी नीट बोला, तो ऐकेल, त्याला पुढचंही काम हवंय.

मीटर बॉक्सजवळच्या त्या कॉलमच्या आणि उघड्या बीमच्या बाजूला इंजिनीयरला विचारून या आठवड्यात टेकू लावा आणि त्या दोन पार्किंगच्या जागा बंद करा. त्या जागांपैकी एक आमची आहे, आम्ही स्कूटर बाहेर रस्त्यावर लावतो.

स्ट्रक्चरल ऑडिट करा, आणि ते कॉन्ट्रॅक्टरच्या ओळखीच्या माणसाकडून नको, ज्याला दुरुस्तीच्या कामातून एक पैसा मिळणार नाही अशा स्वतंत्र इंजिनीयरकडून. नुसतं बघून लिहिलेलं दोन पानी सर्टिफिकेट नको. काँक्रीट न फोडता त्याचा दर्जा बघणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक टेस्ट हव्यात, कोर (काँक्रीटचा कापून काढलेला नमुना) हवे तिथे कोर, क्लोराइडची टेस्ट, कार्बोनेशनची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड किती आत गेलाय त्याची टेस्ट हवी. ती कार्बोनेशनची तर तुम्ही स्वतः उभं राहून बघू शकता, ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन मारतात, निरोगी असेल तिथे गुलाबी होतं, नसेल तिथे रंग येत नाही. आणि हाफ सेल, म्हणजे सळईचं व्होल्टेज मोजून गंज चालू आहे का त्याचा अंदाज घेणारी टेस्ट. कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडवर रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर धरतात. रिपोर्ट पूर्ण, सगळ्या २४ फ्लॅटना, दिल्लीवाल्यांनाही.

रिपोर्टप्रमाणे काम टप्प्यांत करा. हा कोरडा मोसम कॉलम आणि गच्चीला, पुढचा बीम आणि बाल्कन्यांना, रंग तिसऱ्या वर्षी. करार आयटम रेटवर, फोडल्यावर आणि झाकायच्या आधी इंजिनीयरने मोजमाप घ्यायचं, फोटो काढायचे, आणि काही टक्के रक्कम दोन पावसाळे जाईपर्यंत राखून ठेवायची. मोजमापं लिहायला मी फुकट बसते, शनिवारी-रविवारी.

पैशाचं म्हणाल तर २६ लाख धरले तरी फ्लॅटमागे १ लाख ८ हजार, तीन वर्षांत वाटले तर महिन्याला साधारण ३००० रुपये. सगळ्यांना परवडेल असं नाही हे मला माहितीय, पेन्शनवरची तीन घरं आहेत, त्यांच्यासाठी एफडीतून उचल देऊन सावकाश वसूल करा, ते आपल्याला जमण्यासारखं आहे. ज्यांचा फ्लॅट डिसेंबरमध्ये एका आठवड्याला महिन्याच्या मेंटेनन्सच्या कैक पट कमावतो त्यांनी मात्र परवडत नाही म्हणू नये.

आणि एक वही. बिल्डिंगची म्हणून एक वही ठेवा. दरवर्षी पावसाआधी आणि पावसानंतर कुठे तडा, कुठे ओल, काय केलं, किती लागले, फोटो चिकटवून. कमिटी बदलते, खजिनदार बदलतात, आणि नव्या कमिटीला मागच्या वेळी कोणत्या बीमला काय मारलं होतं हे माहीतच नसतं. मला ते लक्षात आहे कारण मी खालीच राहते.

स्पेशल जनरल बॉडी बोलवायच्या अर्जाचा मसुदा मी लिहून ठेवलाय, तिन्ही कोटेशनांच्या झेरॉक्स आणि ऑडिटचे आलेले दोन दर त्याला जोडलेत. पहिल्या मजल्यावर, संध्याकाळी सातनंतर मी घरी असते, वाचा आणि पटलं तर सही करा, नाही पटलं तर का ते तिथेच लिहून जा. बाहेरगावच्या मालकांना मेलवर पाठवते, सही करून स्कॅन पाठवा. चेअरमन बाब, पहिली प्रत तुमच्या दाराखालून आज रात्रीच सरकवणार आहे.

आपली,
पहिल्या मजल्यावरची एक सभासद
रायबंदर, गोवा